जुनी जीप: ‘विंटेज’ म्हणायची की ‘मॉडिफाइड’?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या छोट्या जाहिरातींत अलीकडे जुन्या जीपगाड्यांची विक्री वारंवार दिसते. मजकूर साधारण ठरलेला असतो: ‘विंटेज फोर बाय फोर, ओपन टॉप, पूर्ण रिस्टोअर्ड, फुल मॉडिफाइड, पेपर क्लिअर.’ गाडी चकचकीत, टायर रुंद, फोटो माळरानावर काढलेला. या एका ओळीतले दोन शब्द एकमेकांच्या विरोधात जातात हे विकणाऱ्याला बहुधा ठाऊक असते. घेणाऱ्याला ते कळते, तेव्हा पैसे देऊन झालेले असतात.

केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुलै 2021 मध्ये विंटेज वाहनांची तरतूद आली. पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षे झालेली आणि मूळ रूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकीच त्यात बसते. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झाला असेल, तर ती गाडी या व्याख्येबाहेर जाते. नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये, मुदत 10 वर्षे, पुन्हा नोंदणीला 5,000 रुपये आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. पण या नोंदणीवर गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, इंधन भरणे आणि दुरुस्ती, एवढ्यापुरतीच ती बाहेर काढायची. म्हणजे पेट्रोलचे इंजिन उतरवून डिझेल बसवलेली, पॉवर स्टेअरिंग आणि डिस्क ब्रेक लावलेली जीप कितीही जुनी असली तरी कायद्याने विंटेज नाही. आणि जी खरोखर विंटेज म्हणून नोंदलेली आहे, ती रोज कामावर न्यायची गाडी नाही.

‘मॉडिफाइड’ शब्दामागे मोटार वाहन कायद्याचे कलम 52 आहे. निर्मात्याने दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हेच स्पष्ट केले. त्याच वर्षी कायद्यात कलम 182-ए आले. बेकायदा बदलासाठी दर बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. ‘दर बदलामागे’ हे शब्द नीट वाचावेत. इंजिन बदलता येते, पण नोंदणी प्राधिकाऱ्याची आधी परवानगी घेऊन आणि आरसीवर नोंद करून. इंधन बदलले तर त्याचीही नोंद हवी. पुढचे लोखंडी बुलबार तर केंद्राने डिसेंबर 2017 मध्येच कलम 52 चा भंग म्हणून काढायला सांगितले आहेत, तरी जाहिरातीतल्या दर दुसऱ्या गाडीच्या नाकावर ते असतातच.

जुन्या जीपला नवे सुटे भाग लावूच नयेत, असे आमचे म्हणणे नाही. साठ वर्षांची गाडी कागदावरच्या शुद्धतेवर चालत नाही. मूळ काय आहे, बदललेले काय आहे आणि त्यातले आरसीवर काय आहे, हे घेणाऱ्याला गाडी बघण्याआधी कळले पाहिजे, एवढेच म्हणणे आहे.

पहिला घोळ ओळखीचा होतो. महिंद्राने 1940 च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला विलिस जीपची जुळणी सुरू केली आणि पुढे ती पूर्णपणे इथेच बनवली. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या जीप याच घराण्यातल्या आहेत. पण विकताना ‘दुसऱ्या महायुद्धातली’ म्हटले की भाव चढतो. युद्धातली विलिस एमबी किंवा फोर्ड जीपीडब्ल्यू ओळखायला अवघड नाही. पुढच्या जाळीला पत्र्यात कापलेल्या नऊ उभ्या फटी असतात, नागरी सीजे मॉडेलला सात. युद्धातल्या गाडीचे दिवे लहान आणि जाळीच्या आत बसवलेले, सीजेचे मोठे. युद्धातल्या गाडीला मागे उघडणारी फळी नसते, स्टेपनी मागच्या पत्र्यावर असते. चासीचा पुढचा आडवा दांडा विलिसमध्ये गोल नळीचा, तर फोर्डमध्ये उलट्या यू आकाराचा. सीजे-3बीचे बोनेट उंच असते, कारण त्यातल्या हरिकेन इंजिनाचे इनलेट व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्टचे ब्लॉकमध्ये असल्याने इंजिनच उंच आहे. जुने गो-डेव्हिल इंजिन त्याहून ठेंगणे. दोन्ही 134 घनइंचांची, म्हणजे 2.2 लिटरची. उंच बोनेटची जीप कोणी महायुद्धातली म्हणून विकत असेल, तर पुढचे बोलणे तिथेच थांबवावे.

दुसरी पाहणी पत्र्याची. फ्रीजवरचे चपटे चुंबक एका पातळ फडक्यात गुंडाळून बॉडीवर फिरवावे. जिथे ते धरत नाही तिथे रंगाखाली लांबीचा, म्हणजे पुट्टीचा, थर आहे. दाराच्या कापाच्या खालच्या कोपऱ्यांत, मागच्या चाकांवरच्या पेटीत आणि ड्रायव्हरच्या पायाखालच्या उतरत्या पत्र्यात हे हमखास सापडते. खाली झोपून फरशीच्या टोपीसारख्या आडव्या पट्ट्या पाहाव्यात. युद्धकाळच्या गाड्यांत त्यांच्या पोटात लाकडी पट्टी असायची. ती ओल धरते आणि पत्रा आतून खाते, वरून काही दिसत नाही. विलिसची पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली एका खोलगट पत्र्यात बसते. त्या खोलगटाला पाणी जायला भोक असते आणि चिखलाने ते बुजले की टाकी खालून कुजते. बॉडी नवीच करून घेतलेली असेल, तर त्यात वाईट काही नाही. हरियाणातल्या मंडी डबवालीत अख्खी बॉडी नव्याने बनते आणि तिचा पत्रा जुन्या कुजक्या पत्र्यापेक्षा बरा असू शकतो. पण मग तिला ‘ओरिजिनल बॉडी’ म्हणू नये.

चासी मात्र डोळ्यांत तेल घालून बघायची. स्टेअरिंग बॉक्स बोल्ट केला आहे तिथे, पुढच्या पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) हँगरपाशी आणि इंजिनाच्या पायांजवळ केसासारखी भेग असते. रंगाच्या खालून गंजाची बारीक तपकिरी रेघ बाहेर आली, की ती भेगच समजावी. पॉवर स्टेअरिंगचा जड बॉक्स जुन्या चासीच्या एकाच पत्र्यावर नुसते बोल्ट मारून लावला असेल, तर ही भेग येणारच. चासीच्या आरपार नळीचे तुकडे वेल्ड करून त्यांतून बोल्ट न्यावे लागतात आणि बाहेरून पट्टी द्यावी लागते. पट्टीची टोके सरळ उभी कापली असतील, तर पुढची भेग बरोबर त्या टोकाशी सुरू होते. टोके तिरपी कापलेली असावीत. चासी नंबर कोरलेल्या जागेभोवती वेल्डिंग, ग्राइंडरचे ओरखडे किंवा एवढ्याच भागावर ताजा रंग दिसला, तर गाडी कितीही आवडली तरी परत फिरावे.

आता फोर बाय फोरकडे येतो. खरी फसवणूक इथे होते आणि ती सहसा पकडली जात नाही, कारण लोक उभ्या गाडीत लिव्हर पुढे-मागे करून पाहतात आणि समाधान मानतात. कित्येक गाड्यांत पुढच्या चाकांकडे ताकद नेणारा दांडा, म्हणजे पुढचा प्रोपेलर शाफ्टच काढून टाकलेला असतो. कित्येकांत पुढचा डिफरन्शियल एका गाडीचा आणि मागचा दुसऱ्याच गाडीचा. डिफरन्शियलचे प्रमाण म्हणजे त्याच्या एका फेऱ्याला शाफ्टचे किती फेरे. सीजे घराण्याचे मूळ प्रमाण 5.38, युद्धातल्या एमबीचे 4.88. पुढे 5.38 आणि मागे 4.88 असेल, तर फोर-व्हीलमध्ये 100 मीटर गेल्यावर एका जोडीला जवळपास 10 मीटर घसरावेच लागते. टू-व्हीलमध्ये गाडी मजेत चालते. चिखलात फोर-व्हील टाकले की ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी गिअरपेटी) कण्हते, लिव्हर अडकून बसते आणि एक दिवस शाफ्टच्या सांध्यातला क्रॉस तुटतो.

हे तपासायला एक जॅक, खडू आणि दहा मिनिटे पुरतात. गाडी सपाट जमिनीवर घेऊन बाकीच्या तिन्ही चाकांना दोन्हीकडून दगड किंवा ठोकळे लावा. यात कंटाळा करू नये, कारण जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो. तो ट्रान्सफर केसच्या मागच्या तोंडावरच्या ड्रमवर असतो. मागचे एक चाक उचलले की डिफरन्शियलमुळे तो गाडी धरू शकत नाही, हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी जॅकवरून घरंगळते. शिवाय या चाचणीसाठी तो सोडावाच लागतो. मग ट्रान्सफर केस न्यूट्रलला आणि पुढची जोडणी सुटी. मागचे एक चाक उचला, टायरवर आणि शाफ्टवर खडूची खूण करा आणि चाक हाताने बरोबर दोन फेरे फिरवा. दुसरे चाक जमिनीवर स्थिर असल्याने चाकाचे दोन फेरे म्हणजे डिफरन्शियलचा एक फेरा. तेवढ्यात शाफ्ट पाच फेरे आणि वर तिसऱ्या हिश्श्याहून किंचित जास्त फिरला, तर प्रमाण 5.38. पाच फेरे पुरे व्हायला थोडे कमी पडले, तर 4.88. हेच पुढे करा, फ्री-व्हील हब (पुढची चाके ॲक्सलपासून सोडवणारे) असतील तर ते लॉक करून. दोन्हीकडचा आकडा एकच आला पाहिजे. पुढचा शाफ्ट चाकाबरोबर फिरलाच नाही, तर आतला ॲक्सल शाफ्ट किंवा हब गायब आहे. त्यानंतर गाडी मऊ मातीत लो गिअरला नेऊन पुढची चाके माती ओढतात का ते पाहावे. कोरड्या डांबरावर फोर-व्हील टाकून वळवून दाखवणाऱ्या विक्रेत्याला थांबवावे. या ट्रान्सफर केसमध्ये मधला डिफरन्शियल नसतो, वळताना पुढच्या आणि मागच्या चाकांच्या वेगातला फरक गिअरवर ताण म्हणून साठत जातो. पुढचे आणि मागचे टायर वेगळ्या घेराचे असतील, तरी दुखणे तेच.

पुढच्या चाकांमागे गोळ्यासारखी हौसिंग असते. तिच्या मागच्या कडेचे फेल्ट आणि रबरी सील गेले, की तेल-ग्रीस गळून गोळ्यावर चिखलाचा लेप चढतो. लेपाखाली गोळा खड्ड्याखड्ड्यांचा झाला असेल, तर नवे सीलही महिनाभरात फाटते. नुसता पुसून काळा रंग मारलेला गोळा पाहिला की नखाने खरवडून बघावे.

स्टेअरिंग थरथरणे, ज्याला गॅरेजमध्ये वॉबलिंग म्हणतात, हा जुन्या जीपचा स्थायिभाव आहे, असे सांगून गाडी गळ्यात मारली जाते. तसे काही नाही, त्याला कारण असते. पुढचे चाक उचलून टायर वर आणि खाली धरून हलवा. खेळ दिसला, तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. खेळ गेला तर व्हील बेअरिंग, तसाच राहिला तर किंगपिन, म्हणजे चाक ज्यावर वळते ती खुंटी. किंगपिनचे बेअरिंग शिमांनी (पातळ चकत्यांनी) आवळता येते, पण बेअरिंगच्या वाटीत खाचा पडल्या असतील तर शिम काढून उपयोग नाही, वाटीच बदलावी लागते. त्यानंतर टाय-रॉडची टोके आणि मधला बेल क्रँक. मूळ कास्टर (किंगपिनचा मागचा कल) 3 अंश आणि टो-इन (पुढची चाके समोर किती आत वळलेली) 3/64 ते 3/32 इंच. गाडी उंच दिसावी म्हणून पुढे लांब शॅकल (पाटा चासीला जोडणारी कडी) लावतात. या जीपला पुढच्या पाट्याचे शॅकल पुढच्या टोकाला असते, त्यामुळे ते लांबवले की ॲक्सलचा वरचा भाग पुढे झुकतो, कास्टर घटतो आणि वॉबलिंग सुरू होते. मग त्यावर स्टेअरिंग डॅम्पर लावून थरथर दाबतात. डॅम्पर हे औषध नाही. पाटा आणि ॲक्सल यांच्यामध्ये योग्य कोनाची लोखंडी पाचर दिली किंवा मूळ शॅकल परत लावले, की काम होते.

इंजिनबदलाबद्दल. पेट्रोल परवडेना म्हणून हरिकेन काढून डिझेल बसवण्याची लाट इथे जुनीच आहे. इंजिन चांगले असले तरी जोडणी कशी केली आहे ते महत्त्वाचे. बेल हौसिंग (क्लचवरचे कवच) आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये घरगुती लेथवर केलेली प्लेट असते. तिचे मधले भोक क्रँकशाफ्टच्या मध्याशी पाव मिलिमीटरहून जास्त चुकले, तर क्लच थरथरतो, गिअर आपोआप सुटतो आणि इनपुट शाफ्टचे बेअरिंग काही महिन्यांत ओरडू लागते. गाडी न्यूट्रलमध्ये आयडलवर ठेवून क्लच सोडा आणि दाबा. सोडल्यावर घरघर आणि दाबल्यावर शांत, तर दोष तिथे आहे. वेगाचा हिशेबही करावा. 6.00-16 टायर एका फेऱ्यात सुमारे सव्वादोन मीटर जातो. 5.38 च्या डिफरन्शियलवर टॉप गिअरमध्ये 60 च्या वेगाला इंजिन जवळपास 2400 फेरे घेते, 80 ला 3200. जुन्या डिझेलसाठी ही धावपळ आहे. म्हणून कोणी 31 इंची टायर लावतो. त्याने फेरे दहाएक टक्के कमी होतात, स्पीडोमीटर तेवढाच कमी दाखवू लागतो आणि 9 इंची ड्रम ब्रेकवर भार वाढतो तो वेगळा.

ब्रेक जुन्या गाडीत एकाच सर्किटचे. एक पाइप फुटला की चारही चाके गेली. दोन सर्किटचा मास्टर सिलिंडर हा बदल आम्हाला सगळ्यांत मोलाचा वाटतो. पण डिस्क लावताना हमखास एक चूक होते. ड्रमसाठीचा मास्टर सिलिंडर पाइपात थोडा दाब धरून ठेवतो, साधारण दर चौरस इंचाला 10 पौंड. तोच डिस्कला जोडला की पॅड घासत राहतात, दहा किलोमीटरांत चाक हात लावू देत नाही. उलट, मास्टर सिलिंडर फरशीखाली, कॅलिपरच्या पातळीखाली असताना दाब धरणारा व्हॉल्व्ह अजिबात नसेल, तर तेल मागे उतरते आणि पहिला पेडल पोकळ जातो. डिस्कच्या पाइपात 2 पौंडांचा व्हॉल्व्ह लागतो. चाचणी रिकाम्या रस्त्यावर 40 च्या वेगावरून घ्यावी. गाडी सरळ थांबली पाहिजे. मग लगेच उतरून चारही ड्रमजवळ हात न्यावा. एकच गरम असेल, तर बाकीचे काम करत नाहीत.

इंजिन थंड असतानाच सुरू करायला सांगावे. आपण पोहोचण्याआधी ते गरम करून ठेवले असेल, तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जावे. डिपस्टिक काढून तेलाचा वास घ्यावा. पेट्रोलचा वास आला, तर बहुधा इंधनपंपाचा पडदा फाटून पेट्रोल तेलाच्या चेंबरमध्ये उतरते आहे. आता पंपांवर 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते, आणि जुने रबरी नळ, पंपाचा पडदा, कार्बोरेटरचे पॅकिंग यांना ते मानवत नाही. ‘रिस्टोअर’ करताना हे बदलले का, असा थेट प्रश्न विचारावा. चारही सिलिंडरांचा कॉम्प्रेशन मोजून घ्यावा. आपसात 10 पौंडांहून जास्त फरक नको.

वायरिंग, हूड, सीट या गोष्टी डोळ्यांना दिसतात. एवढेच की रोल बार फरशीच्या पत्र्यावर वेल्ड केलेला असेल, तर तो फक्त शोभेचा आहे. त्याचे पाय चासीपर्यंत पोहोचलेले हवेत. सीट बेल्टच्या बोल्टखालीही पत्र्याला जाड पट्टी हवी. आणि पंक्चर झाल्यावर पाना तुटू नये म्हणून एक: जुन्या विलिसच्या डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्याचे असतात.

कागद शेवटी बघतात, बघायला सुरुवातीलाच हवेत. 15 वर्षांनंतर नोंदणी दर 5 वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. ती चालू आहे का, पर्यावरण कर भरला आहे का, विमा आहे का आणि उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवली आहे का, हे पाहावे. इंजिन नंबर, इंधन, बॉडीचा प्रकार आणि आसनसंख्या आरसीशी ताडून बघावी. परराज्यातली गाडी असेल, तर तिथल्या आरटीओचे फॉर्म 28 वरचे ना-हरकत हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. लिलावातून आलेली लष्करी गाडी असेल, तर लिलावाच्या कागदावरचा आणि चासीवरचा नंबर अक्षरशः एक हवा. मालकीबदलाचे फॉर्म 29 आणि 30 सही करून घ्यावेत आणि खरेदीनंतर 30 दिवसांत नाव लावून घ्यावे. नोटरीच्या कागदावर वर्षानुवर्षे फिरणाऱ्या गाडीच्या अपघाताची जबाबदारी कोणाच्या गळ्यात पडेल, हे सांगता येत नाही.

आपल्या जाहिरात विभागाला एक विनंती. 50 वर्षांखालील किंवा फेरफार केलेल्या गाडीसाठी ‘विंटेज’ हा शब्द घेऊ नये आणि जुन्या गाडीच्या जाहिरातीत इंजिन व आरसी यांचा उल्लेख सक्तीचा करावा. प्रामाणिक जाहिरातीला फार जागा लागत नाही. नमुना देतो:

‘सीजे-3बी, नोंदणी 1968. चासी मूळ, बॉडी नवी. डिझेल इंजिन, बदल आरसीवर नोंदलेला. दोन्ही डिफरन्शियल 5.38, फोर-व्हील चालू. पुढे डिस्क, आरसीवर नोंद नाही. उजव्या हँगरपाशी चासीला पट्टी मारलेली आहे. गाडी थंड इंजिनावर दाखवू.’

आपले,
जुन्या फोर-व्हील गाड्यांची कामे करणारे काही वाचक